‘घरबसल्या बी.एस्सी. नर्सिंग’ खरंच होतं का? जीएनएम झालेल्यांसाठी पदवीचा खरा रस्ता

जीएनएम झालं, कौन्सिलची नोंदणी झाली, तालुक्याच्या दवाखान्यात नाहीतर ग्रामीण रुग्णालयात कंत्राटावर काम सुरू झालं. चार-पाच वर्षं ड्युटी करून झाल्यावर लक्षात येतं की पुढच्या बऱ्याच जागांना पदवी मागतात. नोकरी सोडता येत नाही, घरी लहान लेकरं, शेतीचं कर्ज. अशातच मोबाईलवर जाहिरात येते : ‘घरबसल्या बी.एस्सी. नर्सिंग करा. कॉलेजला जायची गरज नाही. सहा महिन्यांत डिग्री.’ खाली फोन नंबर आणि ‘सीट मर्यादित’.

फोन लावला की समोरचा गोड बोलतो. आधी पाच हजार नोंदणीचे, मग परीक्षेचे, मग मार्कमेमोचे. वर्षभराने हातात कागद येतो, पण तो कागद कौन्सिल नोंदवून घेत नाही आणि भरतीत चालत नाही. पैसे गेले ते गेलेच, वर वर्षही गेलं.

म्हणून पदवी कुठे मिळते, कशी मिळते, किती काळ लागतो आणि ऑनलाइन काय चालतं, काय चालत नाही, याची माहिती इथे एका जागी दिली आहे.

आधी नावं समजून घ्या

नर्सिंगमध्ये तीन पातळ्यांचं शिक्षण आहे.

एएनएम : दोन वर्षांचा अभ्यासक्रम. उपकेंद्रात आपण जिला सिस्टर म्हणतो ती आरोग्य सेविका बहुतेक याच शिक्षणाची असते.

जीएनएम : तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम. पास झाल्यावर ‘नोंदणीकृत परिचारिका व नोंदणीकृत प्रसाविका’ अशी नोंद होते. यालाच बोलीभाषेत आरएन-आरएम म्हणतात.

बी.एस्सी. नर्सिंग : चार वर्षांची पदवी. याला बारावी सायन्स लागतं, त्यात भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत.

जीएनएम झालेल्यांनी पुन्हा चार वर्षं पहिल्यापासून शिकायची गरज नाही. त्यांच्यासाठी वेगळी पदवी आहे. तिचं नाव पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग. कागदावर ‘पी.बी.बी.एस्सी.’ असं लिहिलेलं असतं.

इथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. ज्यांनी बारावी कला किंवा वाणिज्य शाखेतून करून जीएनएम केलं, त्यांना चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळत नाही, पण पोस्ट बेसिकला मिळू शकतो. बारावी, जीएनएम आणि कौन्सिलची नोंदणी या तीन गोष्टी त्यासाठी मुख्य आहेत. शाखा आडवी येत नाही.

एएनएम झालेल्यांना मात्र थेट पोस्ट बेसिक करता येत नाही. त्यांना आधी जीएनएम करावं लागतं. ‘एएनएमवरून डायरेक्ट डिग्री’ असं कोणी सांगत असेल तर तो फोन तिथेच ठेवावा.

रस्ता पहिला : कॉलेजात जाऊन दोन वर्षं

हा नियमित रस्ता. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पूर्णवेळ. महाराष्ट्रातली नर्सिंग कॉलेजं प्रामुख्याने नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. काही अभिमत विद्यापीठांची स्वतःची कॉलेजं आहेत. प्रवेशाच्या सूचना राज्य सीईटी कक्षाच्या, आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या आणि त्या त्या कॉलेजच्या संकेतस्थळावर येतात. प्रवेश वर्षातून एकदाच होतो, त्यामुळे तारीख हुकली तर वर्ष गेलं.

पहिल्या वर्षात नर्सिंगची मूलतत्त्वं, पोषण व आहारशास्त्र, जीवरसायन व जीवभौतिकी, मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, माता परिचर्या, बाल परिचर्या, वैद्यकीय-शल्य परिचर्या हे विषय असतात. दुसऱ्या वर्षी समाजशास्त्र, सामुदायिक आरोग्य, मानसिक आरोग्य, नर्सिंग शिक्षण, नर्सिंग प्रशासन, संशोधन व संख्याशास्त्र हे विषय येतात. म्हणजे जीएनएमला जे शिकलं त्याच्या पुढचं, त्यात शिकवणं, वॉर्ड चालवणं आणि संशोधन याची भर.

हजेरीचा नियम कडक आहे. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. प्रात्यक्षिकाची तर पदवी मिळण्याआधी १०० टक्के हजेरी पूर्ण करावी लागते. ‘प्रवेश घ्या, हजेरीचं आम्ही बघतो, फक्त परीक्षेला या’ असं सांगणारं कॉलेज नियम मोडत आहे हे लक्षात घ्यावं. पुढे तपासणीत अशा कॉलेजवर कारवाई झाली की पहिला त्रास विद्यार्थ्यालाच होतो.

या रस्त्याची अडचण उघड आहे. दोन वर्षं पूर्णवेळ कॉलेज म्हणजे नोकरी आणि कोर्स एकाच वेळी होत नाही. कायम सरकारी सेवेत असलेल्यांनी आपल्या कार्यालयात अध्ययन रजा आणि ना हरकत प्रमाणपत्राची चौकशी आधी करावी. कंत्राटी असलेल्यांनी दोन वर्षांचा घरखर्च कसा भागवायचा याचा हिशोब मांडूनच पाऊल टाकावं.

रस्ता दुसरा : इग्नूचा तीन वर्षांचा कोर्स

नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ म्हणजे इग्नूचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग कोर्स आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रमांच्या तक्त्यात पोस्ट बेसिकचे दोनच प्रकार दिले आहेत : नियमित दोन वर्षं आणि दूरस्थ तीन वर्षं. दूरस्थ म्हणजे हाच.

त्याच्या अटी अशा आहेत :

• बारावी, जीएनएम, आरएन-आरएम नोंदणी आणि कामाचा किमान दोन वर्षांचा अनुभव.

• बारावी नसेल, फक्त दहावी आणि जीएनएम असेल, तर नोंदणीनंतर किमान पाच वर्षांचा अनुभव.

• जुन्या अभ्यासक्रमात प्रसूतीशास्त्राऐवजी दुसरं प्रशिक्षण घेतलेल्या ब्रदर मंडळींनी त्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडणं.

• प्रवेश परीक्षा देणं. थेट पैसे भरून प्रवेश नाही.

कोर्स कमीत कमी तीन वर्षांत आणि जास्तीत जास्त पाच वर्षांत पूर्ण करायचा असतो. माध्यम इंग्रजी आहे.

आता महत्त्वाचं : हा कोर्सही घरबसल्या होत नाही. पुस्तकं घरी वाचता येतात, स्वाध्याय घरी लिहिता येतात. पण प्रात्यक्षिकं ठरवून दिलेल्या अभ्यासकेंद्रावर आणि रुग्णालयात जाऊनच करावी लागतात. परीक्षाही केंद्रावर होते. त्यासाठी रजा काढावी लागते, शहरात राहायची सोय करावी लागते. अर्ज भरताना आपल्याला कोणतं केंद्र मिळू शकतं हे माहितीपुस्तिकेत बघावं. इग्नूची प्रादेशिक केंद्रं महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूर इथे आहेत, तिथे चौकशी करता येते. जागा मोजक्या असतात, त्यामुळे प्रवेश परीक्षेची तयारी मनावर घ्यावी लागते.

‘नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून होईल का?’ हा प्रश्नही बऱ्याच जणी विचारतात. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए., बी.कॉम. करता येतं आणि त्या पदव्या त्यांच्या जागी चांगल्याच आहेत. पण बी.ए. झाल्याने नर्सिंगची पदवी झाली असं होत नाही. नर्सिंगच्या जागेला नर्सिंगचीच पदवी लागते.

मग ‘ऑनलाइन डिग्री’ला बंदी का?

विद्यापीठ अनुदान आयोगाने म्हणजे यूजीसीने २०२० साली दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे नियम काढले. त्यात काही अभ्यासक्रम या पद्धतीने चालवायला मनाई केली आहे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, दंतवैद्यक, फार्मसी, फिजिओथेरपी, कायदा, वास्तुशास्त्र, कृषी या यादीत नर्सिंगही आहे. त्यामुळे एखादं विद्यापीठ खरं असलं, एम.बी.ए. किंवा बी.कॉम. ऑनलाइन द्यायची त्याला परवानगी असली, तरी ते नर्सिंगची पदवी ऑनलाइन देऊ शकत नाही. एजंट लोक याच ठिकाणी गोंधळ करतात. ‘विद्यापीठ यूजीसी मान्य आहे, हे बघा यादीत नाव’ असं दाखवतात. विद्यापीठाचं नाव यादीत असणं वेगळं आणि त्याच्या नर्सिंग कोर्सला मान्यता असणं वेगळं.

मनाईचं कारण समजायला अवघड नाही. सलाईन लावताना शीर सापडणं, अडलेल्या बाळंतिणीचं लक्षण वेळेवर ओळखणं, ऑक्सिजन कमी होत चाललेल्या लेकराकडे बघून डॉक्टरला कधी हाक मारायची हे कळणं, हे पडद्यावर बघून येत नाही. हाताखालून पेशंट जावे लागतात.

अमेरिकेत चालतं, मग आपल्याकडे का नाही?

‘ऑनलाइन नर्सिंग डिग्री’ असं मोबाईलवर शोधलं की ढिगाने अमेरिकन विद्यापीठांची नावं येतात. ती खोटी नाहीत. तिथे हा प्रकार खरोखर आहे, पण त्याची पार्श्वभूमी वेगळी आहे.

अमेरिकेत बरेच जण आधी साधारण दोन वर्षांची सहयोगी पदवी घेतात. मग ‘एनक्लेक्स-आरएन’ नावाची परवाना परीक्षा देतात. सहयोगी पदवीवाले असोत की पूर्ण पदवीवाले, परवाना परीक्षा एकच. ती पास झाली की राज्याचं नर्सिंग मंडळ परवाना देतं आणि त्या रुग्णालयात काम करू लागतात. नंतर नोकरी करता करता उरलेली पदवी पूर्ण करायची, त्यासाठी तिथे ऑनलाइन कोर्स आहेत. वॉर्डातलं मूळ शिक्षण आधीच झालेलं असतं, रोज पेशंटमध्ये काम चालूच असतं. ऑनलाइन भागात मुख्यतः सार्वजनिक आरोग्य, संशोधन, नेतृत्व असे विषय असतात. तिथेही बऱ्याच कोर्समध्ये आपल्या भागातल्या आरोग्य संस्थेत ठरावीक तास प्रत्यक्ष काम करावं लागतं.

तिथे पदवीचा आग्रहही वाढत गेला. २०१० मध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’च्या अहवालाने २०२० पर्यंत ८० टक्के नर्स पदवीधर असाव्यात अशी शिफारस केली. न्यूयॉर्क राज्याने २०१७ मध्ये कायदा केला की नव्या नोंदणीकृत नर्सने परवाना मिळाल्यापासून दहा वर्षांच्या आत पदवी पूर्ण करावी. नोकरीतल्या हजारो नर्सना शिकवायचं तर ऑनलाइनशिवाय सोय नव्हती. मान्यता देणाऱ्या संस्था मात्र त्या कोर्सवर लक्ष ठेवतात.

हेच आपल्या गावात बसून करता येईल का? बहुतेक ठिकाणी नाही, कारण या कोर्सना अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू आरएन परवाना लागतो. महाराष्ट्राची नोंदणी तिथे चालत नाही. ‘अमेरिकेची नर्सिंग डिग्री, तीही मराठीतून, परवान्याची अट नाही’ असं कोणी सांगत असेल तर तो ना अमेरिकेचा नियम सांगतोय ना इथला.

पदवीचा उपयोग नेमका काय?

खर्च आणि वर्षं घालवायची तर काय मिळणार हे आधी बघावं.

• एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक झालेल्यांना अनुभवाची अट नाही. जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे जीएनएमवर दार बंद नाही, पण अट आहे. असा अनुभव आधीच असेल तर पदवीची वाट न बघता अर्ज करता येतो.

• एम.एस्सी. नर्सिंग करायचं तर पदवी लागतेच. पदवीला किमान ५५ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव मागतात. पोस्ट बेसिक केलेल्यांचा हा अनुभव पदवीच्या आधीचा असला तरी चालतो.

• नर्सिंग स्कूल किंवा कॉलेजात शिकवायचं तर जीएनएमवर भागत नाही. पदवी आणि अनुभव असेल तर ट्यूटरची वाट मोकळी होते.

• समुदाय आरोग्य अधिकारी म्हणजे सीएचओच्या भरतीची जाहिरात आली की तिच्यातली पात्रता नीट वाचावी. त्या वेळी कोणती पदवी, कोणतं प्रमाणपत्र मागितलंय ते जाहिरातीतच असतं.

ज्यांना गावाजवळच्या दवाखान्यातच राहायचं आहे, पुढे शिकवायचं नाही, मोठ्या भरतीला बसायचं नाही, त्यांना पदवी केलीच पाहिजे असं नाही. कर्ज काढून पदवी करण्याआधी हा विचार घरात बसून करावा.

पैसे भरण्याआधी हे तपासा

बियाण्याची पिशवी घेताना शेतकरी लेबल बघतो, लॉट नंबर बघतो, पक्की पावती घेतो. पदवी घेतानाही तेवढीच चौकशी करावी.

१. कॉलेजचं नाव भारतीय परिचर्या परिषदेच्या संकेतस्थळावरच्या महाराष्ट्राच्या यादीत आहे का? तिथेही ‘जीएनएम’, ‘बी.एस्सी.’ आणि ‘पोस्ट बेसिक’ हे वेगवेगळे आहेत. जीएनएमला नाव आहे म्हणून पोस्ट बेसिकला आहे असं समजू नये.

२. विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांच्या यादीत त्याच कोर्ससाठी आणि चालू वर्षासाठी नाव आहे का?

३. महाराष्ट्र परिचर्या परिषद ही पदवी अतिरिक्त पात्रता म्हणून नोंदवून घेईल का? ही खरी कसोटी. परिषदेकडे लेखी किंवा ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवावं.

४. पैसे कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या नावाच्या खात्यावर जातात की कोणा माणसाच्या फोन नंबरवर? माणसाच्या नंबरवर जात असतील तर थांबावं.

५. पक्की पावती मिळते का?

६. ‘मागच्या वर्षाची डिग्री काढून देतो’ असं म्हणतात का? मागची तारीख घातलेली पदवी म्हणजे खोटी पदवी. ती वापरणाऱ्यावरही गुन्हा होतो, फक्त विकणाऱ्यावर नाही.

७. मूळ कागदपत्रं एजंटकडे ठेवायला सांगतात का? अजिबात देऊ नयेत. मूळ कागद अडकले की पुढे पैशासाठी अडवणूक होते.

फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. पैसे गेल्यावर जितक्या लवकर फोन होईल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. स्क्रीनशॉट, व्यवहाराचा नंबर, बोलण्याचे मेसेज पुसू नयेत.

कागदपत्रं आधीच गोळा करा

अर्ज सुरू झाल्यावर धावपळ होते ती कागदांसाठी. दहावी-बारावीचे गुणपत्रक, जीएनएमच्या तिन्ही वर्षांची गुणपत्रकं, पदविका प्रमाणपत्र, कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र, शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला, अनुभव प्रमाणपत्र, आधार, अधिवास, लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर हे सगळं हाताशी ठेवावं.

तीन ठिकाणी हमखास अडतं.

एक, नोंदणीचं नूतनीकरण राहून गेलेलं असतं. मुदत संपली असेल तर आधी ते करून घ्यावं. भारतीय परिचर्या परिषदेची नर्स नोंदणी प्रणाली आहे, तिच्यातून एनयूआयडी क्रमांक मिळतो. तोही काढून ठेवावा.

दोन, लग्नानंतर नाव बदललेलं असतं. गुणपत्रकावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. राजपत्रात नाव बदलून घेणं किंवा निदान विवाह नोंदणी प्रमाणपत्र सोबत ठेवणं बरं.

तीन, जीएनएम कर्नाटक किंवा दुसऱ्या राज्यातून झालेलं असतं आणि नोंदणी तिकडचीच राहते. महाराष्ट्रात शिकायचं किंवा नोकरी करायची तर तिकडच्या कौन्सिलचं ना हरकत घेऊन इथे नोंदणी करून घ्यावी. याला वेळ लागतो, म्हणून प्रवेशाच्या आधीच सुरुवात करावी.

अनुभव प्रमाणपत्राबाबतही एक सांगणं : दवाखाना सोडताना ते मागून घ्यावं. त्यावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद, खाटांची संख्या आणि शिक्का हवा. चार वर्षांनी परत गेल्यावर मालक बदललेला असतो.

फी आणि शिष्यवृत्ती

सरकारी कॉलेजची फी खासगीपेक्षा बरीच कमी असते, म्हणून पहिला प्रयत्न तिथेच करावा. शिष्यवृत्ती आणि शिक्षण शुल्क सवलतीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात. ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. ही सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांना आहे, व्यवस्थापन कोट्याला नाही. आपला कोर्स आणि आपलं कॉलेज त्यात बसतं का, हे प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारून घ्यावं. नंतर विचारून उपयोग नाही.

ऑनलाइन काहीच उपयोगाचं नाही का?

तसं नाही. पदवी ऑनलाइन मिळत नाही, पण ज्ञान मिळतं. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ पोर्टलवर आरोग्याशी संबंधित कोर्स मोफत शिकता येतात. नर्सिंगमधलं निरंतर शिक्षण, ज्याला सीएनई म्हणतात, त्याचीही सत्रं ऑनलाइन होतात. मात्र त्याचे तास नूतनीकरणाला धरले जातील का, हे आधी कौन्सिलकडून खात्री करून घ्यावं. इग्नूच्या प्रवेश परीक्षेची तयारी, इंग्रजीचा सराव यासाठीही मोबाईल चांगला. फक्त या प्रमाणपत्रांना पदवी समजू नये आणि कोणी तशी विकत असेल तर घेऊ नये.

थोडक्यात

जीएनएम झालेल्यांना पदवीचे खरे रस्ते दोन : कॉलेजात पूर्णवेळ दोन वर्षं किंवा इग्नूतून नोकरी सांभाळून किमान तीन वर्षं. दोन्हींत पेशंटजवळ उभं राहून प्रात्यक्षिक करावंच लागतं. सहा महिन्यांची, घरबसल्या, बिनहजेरीची नर्सिंग पदवी भारतात नाही. जाहिरात दिसली की आधी एकच प्रश्न विचारावा : ‘ही पदवी महाराष्ट्राच्या कौन्सिलमध्ये नोंद होते का, ते लेखी द्या.’ खरा असेल तो देईल, खोटा असेल तो फोन ठेवेल.

आपल्या गावात, नात्यात कोणी जीएनएम झालेली मुलगी किंवा मुलगा असेल तर पैसे भरायच्या आधी ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचवा.